कोडचा सातबारा कुणाच्या नावावर?

फोनवर ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘कऱ्हाड’ हे शब्द नीट उमटतात, तेव्हा पडद्यामागे बहुधा हार्फबझ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर राबत असतं. संगणकात अक्षरं साठवण्याच्या युनिकोड या प्रमाणित पद्धतीत ‘ज्ञ’ असं स्वतंत्र चिन्ह नाही. ज, हलन्त आणि ञ ही तीन चिन्हं ओळीनं साठवलेली असतात. त्यांचं एक अक्षर कधी करायचं, रफार कुठे चढवायचा, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी कशी आणायची, कऱ्हाडातला तो खास मराठी अर्धा र कसा काढायचा, हे फॉन्टमधली माहिती वाचून हार्फबझ ठरवतं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस या सगळ्यांत ते आहे. अडोबीच्या इनडिझाइनमध्येही ते आलं, म्हणजे मराठी पुस्तकांची पानं लावणारी मंडळीही आता त्यावर विसंबून आहेत. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे: कोड कुणीही वाचावा, बदलावा, हवं तर आपल्या मालात घालून विकावा. त्याचे मुख्य कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांनी हे काम बरीच वर्षं रेड हॅट, गूगल आणि फेसबुक या कंपन्यांच्या पगारावर केलं.

यातल्या एकाही कंपनीला मराठीचा कळवळा नव्हता. कुणाला लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली विकायची होती, कुणाला फोनवर जाहिराती दाखवायच्या होत्या. तरीही त्यांनी पगार दिला आणि त्यातून आपलं जोडाक्षर सुटलं. मुक्त सॉफ्टवेअर आणि धंदा यांच्या नात्यावर बोलताना मला ही जागा सोडवत नाही. एकीकडे ‘कंपन्या शिरल्या आणि चळवळ बाटली’ म्हणणारे असतात, दुसरीकडे ‘कंपन्यांनीच तर हे सगळं उभं केलं, समुदाय-बिमुदाय गप्पा आहेत’ म्हणणारे. दोघंही कंपनीनं किती घेतलं आणि किती दिलं याचा हिशेब मांडत बसतात. माझ्या मते तो हिशेब दुय्यम आहे. ती कंपनी उद्या उठून गेली, विकली गेली किंवा फिरली, तर मागे काय उरतं, हे आधी पाहायला हवं.

नफ्याचा सोवळेपणा तर या चळवळीत मुळातच नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू हा मुक्त संगणकप्रणालीचा प्रकल्प जाहीर केला आणि पुढे पोटापाण्यासाठी स्वतःच ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या सॉफ्टवेअरच्या टेप १५० डॉलरला एक अशा विकल्या. जीपीएल हा त्यांचा परवाना विक्रीला मनाई करत नाही. ज्याला सॉफ्टवेअर दिलं त्याला सोर्स कोड आणि तेच सारे हक्कही द्यावे लागतील, एवढीच त्याची अट आहे. १९८९ मध्ये तिघांनी मिळून सिग्नस नावाची कंपनी काढली. नव्या चिपवर ग्नूचा कम्पायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन, चालवून देण्याची कंत्राटं ती घ्यायची. लिनक्सचा जन्म व्हायला अजून दोन वर्षं होती. पुढे २००० च्या अखेरीस आयबीएमनं लिनक्सवर एका वर्षात १०० कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा केली आणि मग कुणाला या धंद्याचं नवल उरलं नाही.

आज लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, बहुतेक कोड नोकरदार माणसं लिहितात. लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात बिनपगारी योगदानाचा वाटा सुमारे ८ टक्के होता. इंटेल, रेड हॅट, गूगल, सॅमसंग या कंपन्यांत एरवी विस्तव जात नाही, पण त्यांची माणसं एकमेकांचे पॅच, म्हणजे कोडातले बदल, तपासतात, चुका काढतात, भांडतात आणि एकाच झाडात, म्हणजे सामाईक कोडसाठ्यात, कोड घालतात. यात परोपकार शोधायला जाऊ नये. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. एखाद्या कंपनीनं आपले बदल स्वतःजवळ दडवून ठेवले, तर दर आवृत्तीला ते नव्या कोडवर पुन्हा बसवत राहावं लागतं. त्यात माणसं आणि पैसा जातो. त्यापेक्षा बदल मुख्य झाडात देऊन टाकले, की पुढे त्यांची काळजी सगळे मिळून वाहतात. देऊन टाकणं हे ठेवून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून कंपन्या देतात. स्वार्थ असा वळणाला लावता आला हे मला जीपीएलचं आणि कर्नलच्या कामाच्या पद्धतीचं मोठं यश वाटतं.

अर्थात सगळे खुशीनं देत नाहीत. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स निघालं, पण सोर्सचा पत्ता नव्हता. २००३ मध्ये लोकांनी परवान्यावर बोट ठेवलं आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. त्या कोडातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, आणि आज ते शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतं. परवान्याला दात असले की असं घडतं.

आता दुसरी बाजू. कर्नलसारखे प्रकल्प ठळक दिसतात, म्हणून त्यांना पगारी माणसं मिळतात. त्यांच्या खाली, कुणाच्या नजरेस न पडणारे शेकडो छोटे प्रकल्प असतात. बँकांच्या आणि दुकानांच्या वेबसाइटवरची कुलुपं ज्यावर चालायची त्या ओपनएसएसएलमध्ये एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला, आणि जगाला कळलं की या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलर देणगी मिळायची. पूर्णवेळ माणूस एक. त्यावर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांनी मग घाईघाईनं लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी काढला. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय.

शहाणपण मात्र फारसं आलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या मुक्त साधनातला दोष उघड झाला. पुढच्याच महिन्यात इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या ‘कर्ल’ या सॉफ्टवेअरचे कर्ते, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बलाढ्य अमेरिकी कंपनीचं पत्र आलं: तुमच्या उत्पादनात लॉगफोरजे आहे का, सुरक्षेसाठी काय केलंत, २४ तासांत उत्तर द्या. कर्ल सी भाषेत लिहिलेलं आहे, त्याचा जाव्हातल्या लॉगफोरजेशी काडीचा संबंध नाही. त्या कंपनीनं स्टेनबर्गना कधी एक पैसा दिलेला नव्हता. आधी सपोर्टचा करार करा, मग उत्तरं देतो, असं त्यांनी कळवलं. मला हे उत्तर फार आवडतं, कारण त्यात रडगाणं नाही. वापर फुकट आहे, माझा वेळ फुकट नाही, इतका साधा व्यवहार आहे तो.

मार्च २०२४ मधली एक्सझेडची गोष्ट याहून गंभीर. फाइली दाबून लहान करणारं हे साधन फिनलंडचे लासे कॉलिन एकहाती सांभाळत होते. तब्येत साथ देत नाही, हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यांनी २०२२ मध्ये लिहिलं होतं, आणि त्याच सुमारास काही अनोळखी नावं ‘काम रखडतंय, दुसऱ्याच्या हाती द्या’ म्हणून त्यांच्यामागे लागली होती. मदतीला आला ‘जिया टॅन’ नावाचा एक कामसू गृहस्थ. दोन-अडीच वर्षं त्यानं विश्वास कमावला, मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, झाला आणि मग कोडात चोरदार बसवलं. त्यातून जगभरच्या लिनक्स सर्व्हरांत शिरता आलं असतं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्या कुतूहलावरून. फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक मुख्य कर्ते, आणि नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. ज्या कंपनीच्या प्रमुखानं २००१ मध्ये लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं, तिच्याच पगारावरचा माणूस असल्या किरकोळ गोष्टीच्या मागे लागण्याइतका निवांत होता. एकट्या कॉलिन यांच्याकडे तो निवांतपणा नव्हता. कंपन्यांचा पैसा या जगात हवा, याला यापेक्षा मोठा पुरावा मला सापडत नाही.

पैसा हवा हे मान्य केलं, की खरा कठीण प्रश्न पुढे येतो. पैशाबरोबर किल्ल्या कुणाच्या कमरेला जातात?

सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. जमीन कोण कसतं आणि उताऱ्यावर नाव कुणाचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एकाच कंपनीच्या मालकीचे बरेच मुक्त प्रकल्प बाहेरच्या योगदात्यांकडून आधी एक करार करून घेतात. त्यात तुम्ही लिहिलेल्या कोडचा परवाना पुढे हवा तसा बदलण्याचा हक्क कंपनीला मिळतो. कसणारे शंभर, उताऱ्यावर नाव एक. लिनक्समध्ये असा करार नाही. ज्यानं ओळ लिहिली, तिचा स्वामित्वहक्क त्याचाच किंवा त्याच्या मालकाचा राहतो. पॅचखाली सही करून तो फक्त एवढंच सांगतो की हे द्यायचा मला अधिकार आहे. त्यामुळे लिनक्सच्या उताऱ्यावर हजारो नावं आहेत. पन्नास वारसांची वडिलोपार्जित जमीन विकायला निघालेल्या माणसाला जो मनस्ताप होतो, तोच इथे संरक्षण ठरतो. लिनक्सचा परवाना बदलायचा, तर सगळ्यांच्या सह्या लागतील. त्या कधी मिळणार नाहीत, आणि म्हणूनच सगळे निर्धास्तपणे पैसे लावतात.

एका नावाच्या उताऱ्याचं काय होतं ते गेल्या काही वर्षांत ओळीनं दिसलं. इलॅस्टिकसर्च हे शोधयंत्र मुक्त होतं, आणि आधीपासून मुक्त असलेल्या कोडचा परवाना कधीही बदलणार नाही असं इलॅस्टिक कंपनीनं २०१८ मध्ये लिहून दिलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये तिनं तो बदलून मुक्त नसलेला केला. कारण अमेझॉन. त्यांचंच सॉफ्टवेअर, त्यांचंच नाव लावून, अमेझॉन आपल्या क्लाउडवर विकत होतं. टेराफॉर्म हे क्लाउडवरची यंत्रणा उभारायचं साधन बनवणाऱ्या हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये तेच केलं आणि पुढे आयबीएमनं ही कंपनी ६४० कोटी डॉलरना घेतली. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसची पाळी. तिन्ही वेळा चिडलेल्या लोकांनी जुन्या मुक्त कोडवरून फांदी काढली: ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की. आणि यातली सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की ओपनसर्चचा पुढाकार खुद्द अमेझॉनचा होता. ज्याच्या भीतीनं दार लावलं, तोच मुक्त कोडचा राखणदार म्हणून उभा राहिला. इलॅस्टिकनं २०२४ मध्ये आणि रेडिसनं २०२५ मध्ये एजीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा पर्याय म्हणून दिला. गेलेले लोक काही सगळे परतले नाहीत.

इलॅस्टिकची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या कष्टावर क्लाउडवाल्यांनी मोठा गल्ला जमवला, हे खरंच आहे. पण मग पोस्टग्रेसचं काय? अमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, तिघंही पोस्टग्रेस क्लाउडवर विकतात. त्याचा परवाना तर इतका सैल आहे की बदल परत देण्याचीही सक्ती नाही. तरी पोस्टग्रेसमधून ‘आम्हाला लुटलं’ अशी हाक ऐकू येत नाही, कारण लुटलं जावं असा कुणी एक मालकच तिथे नाही. नाव ना-नफा संघटनेकडे, कोड सगळ्यांचा, निर्णय एका छोट्या गाभा समितीकडे. आणि त्या समितीचा एक संकेत आहे: निम्म्याहून जास्त सदस्य एकाच कंपनीचे नकोत. २०२० मध्ये एंटरप्राइजडीबीनं टूएन्डक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी विकत घेतली, आणि पाचपैकी तीन सदस्य एकाच छताखाली आले. कुणी निषेधाची पत्रं काढली नाहीत. समितीनं दोन नवे सदस्य घेतले आणि तीन-पाचाचं तीन-सात झालं. त्या दोघांतले एक म्हणजे आंद्रेस फ्रॉइंड. एंटरप्राइजडीबीचा धंदाही त्यानं बुडाला नाही. तिच्या पुण्यातल्या कार्यालयातून आजही पोस्टग्रेसमध्ये कोड जातो.

यावर गुंतवणूकदारांचं ठरलेलं उत्तर असतं: हाती ताबा नसेल तर पैसे कोण लावेल? २०२५ मध्ये डेटाब्रिक्सनं निऑन ही पोस्टग्रेसवर उभी असलेली तरुण कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली. ताब्याशिवायही लोक पैसे लावतात. मक्तेदारीतून मिळतो तेवढा दामदुप्पट परतावा यातून कदाचित मिळत नसेल. ती गुंतवणूकदाराची अडचण आहे, समुदायानं ती आपली मानू नये.

रेड हॅटचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटतं, कारण या कंपनीइतकं मूळ प्रकल्पांना क्वचितच कुणी दिलं असेल. आयबीएमनं ३४०० कोटी डॉलर मोजून २०१९ मध्ये तिला घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस या तिच्या लिनक्सच्या फुकट जुळ्या भावाचा गाशा गुंडाळायचं ठरलं. २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅट लिनक्सचा नेमका सोर्स फक्त ग्राहकांसाठी ठेवला गेला. जीपीएलच्या अक्षरात हे बसतं असं कंपनी म्हणते, आणि बसत असेलही. ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स मिळतोच आहे. पण तो सोर्स ग्राहकानं पुढे वाटला तर कंपनी त्याची वर्गणी बंद करू शकते, ही अट परवान्याच्या हेतूला सोडून आहे असं माझं मत. तरीही बघा, सेंटओएसच्या जागी उभे राहिलेले रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्स चालूच राहिले. रेड हॅटनं दार अर्धं लोटलं, पण कर्नल, जीसीसी हा ग्नूचा कम्पायलर, ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप, यांपैकी काही तिच्या उताऱ्यावर नव्हतं. जे बंद करता आलं ते थोडंच होतं.

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये याच्या उलट दिसलं. वर्डप्रेसचे एक जनक आणि ऑटोमॅटिक या कंपनीचे प्रमुख मॅट मुलनवेग यांचं म्हणणं, डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी वर्डप्रेसवर भरपूर कमावते आणि परत काही देत नाही. त्यांनी उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले. मिळाले नाहीत तेव्हा प्लगिन आणि अपडेट जिथून येतात त्या वर्डप्रेसच्या मध्यवर्ती सर्व्हरचं दार डब्ल्यूपी इंजिनला बंद केलं. भरडल्या गेल्या त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट. डिसेंबरात कोर्टानं ते उघडायला लावलं. कोड शंभर टक्के जीपीएल, पण सर्व्हरची किल्ली एका माणसाच्या हाती. तक्रार रास्त असूनही माझी सहानुभूती तिथेच संपली.

आता आपल्याकडे येऊ. ग्नोमसारख्या प्रकल्पांच्या मराठी अनुवादाचं बरंच काम एके काळी रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून झालं. चांगलं झालं. पण पगारी हातांमागे स्वयंसेवकांची दुसरी फळी आपण कधी उभी केली नाही, आणि पुढे तो ओघ आटला. याचा दोष मी कंपनीला देणार नाही. तिनं तिचं काम केलं. मराठी जगानं ते फुकटचं समजून खिशात टाकलं.

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या आयटी उद्योगाची कमाई बऱ्याच अंशी मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे. पण कर्नलमध्ये कोड देणाऱ्या कंपन्यांच्या यादीत वरच्या नावांत भारतीय मालकीची कंपनी दिसत नाही. भारतीय माणसं भरपूर दिसतात, परदेशी कंपन्यांच्या पगारावर. अपवाद आहेत. बेंगळुरूच्या झिरोधानं २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी सुरू केला. मुंबईची फ्रॅपे ही कंपनी इआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि कारभाराचं सॉफ्टवेअर जीपीएलखाली देते आणि होस्टिंग व सपोर्टवर पैसे कमावते. तिचंच सॉफ्टवेअर घेऊन तिच्याशी स्पर्धा करायला कुणालाही मुभा आहे.

बाकीच्यांना पैसे द्या म्हटलं की सीएसआरकडे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाकडे, बोट जातं. तिथेच घोळ आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा तो २ टक्के खर्च धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी नाही. ओपनएसएसएल सांभाळणाऱ्याला पैसे देणं हा तर धंद्याचाच खर्च आहे, विजेच्या बिलासारखा, आणि तो त्याच खात्यात पडायला हवा. सीएसआरमध्ये घातला की तो दान होतो, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी फोटोजोगं सापडतं.

सरकारनं नुसता उपदेश करून चालणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं केंद्राचं धोरण २०१५ पासून आहे. आधारची यंत्रणा मायएसक्यूएल, हडूप अशा मुक्त साधनांवर उभी राहिली. परवान्यांचे पैसे वाचले हे सगळे सांगतात. वाचले त्यातले किती त्या साधनांकडे परत गेले, हा रकाना कुठे दिसत नाही. जर्मनीनं २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून सॉव्हरिन टेक फंड काढला, आणि ग्नोमला त्यातून १० लाख युरो मिळाले. महाराष्ट्र सरकारला एवढं मोठं काही करायची गरज नाही. टेंडरमध्ये दोन कलमं घालावीत. कंत्राटदारानं मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवल्याच पाहिजेत, आणि कंत्राटाच्या रकमेतला एक टक्का त्या साधनांच्या देखभालीसाठी वेगळा काढला पाहिजे. एक टक्का हा माझा आकडा. अर्ध्यावर तडजोड झाली तरी चालेल.

पैसे कुणाला द्यायचे हे कसं कळणार, असं कुणी विचारेल. सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते सुटे भाग आहेत त्याची यादी ठेवा, अशी मार्गदर्शक तत्त्वं सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ऑक्टोबर २०२४ मध्येच काढली आहेत. ती यादी सुरक्षेसाठी करायचीच आहे. तिच्यात आणखी तीन रकाने वाढवावेत: हा भाग कोण सांभाळतं, नाव आणि किल्ल्या किती जणांकडे आहेत, आणि गेल्या वर्षी आपण त्यांना काय दिलं.